त्रुटीची दिशा : अस्पृश्यता मोजताना समाजशास्त्र कुठे चुकते

राज्यघटनेच्या कलम १७ने अस्पृश्यता संपुष्टात आणली. १९५५च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरले, १९७६मध्ये त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले आणि १९८९मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. या कायद्यांनी समाजशास्त्राच्या अभ्यासकापुढे मात्र एक पेच उभा केला. जी गोष्ट कबूल करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे आणि जी आपल्या वाट्याला आली असे सांगणे म्हणजे झालेला अपमान पुन्हा उगाळणे, ती गोष्ट आज किती उरली आहे हे शोधायचे कसे? करणारा सांगत नाही, सोसणाऱ्याला सांगणे जड जाते आणि पाहणारा स्वतः कोणत्या ना कोणत्या जातीत जन्मलेला असतो. समाजशास्त्राच्या संशोधन पद्धतींचा कस पाहायचा, तर याहून कठीण विषय शोधून सापडायचा नाही.

पाठ्यपुस्तकांत पद्धतींच्या गुणदोषांचा एक ठरलेला तक्ता असतो. नमुना पाहणीची व्याप्ती मोठी पण खोली कमी. सहभागी निरीक्षणाची खोली मोठी पण व्याप्ती कमी. मुलाखतीत माणूस बोलका होतो पण खरे बोलेलच असे नाही. प्रयोगात कार्यकारणभाव दिसतो पण परिस्थिती कृत्रिम असते. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. तो चुकीचा नाही, पण त्याने फारसे काही हाती लागत नाही. गुण आणि दोष जणू पद्धतीच्या अंगातच मुरलेले आहेत, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात एकच प्रश्नावली कुटुंबाच्या उत्पन्नाबद्दल एका तऱ्हेने चुकते आणि स्वयंपाकघरात कोणाला येऊ देता याबद्दल दुसऱ्या तऱ्हेने. म्हणून येथे पद्धतींची प्रतवारी न लावता अस्पृश्यतेचा एकच प्रश्न धरून त्या तपासायच्या आहेत. माझा मुद्दा असा की प्रत्येक पद्धत चुकते, पण साऱ्या चुका सारख्या नसतात. काही चुका कोणत्या बाजूला झुकणार हे आधीच सांगता येते, काहींबद्दल ते सांगता येत नाही. पद्धतीचा खरा गुण या फरकात आहे.

सुरुवात जनगणनेपासून करू, कारण जातीची मोजदाद हे आपल्याकडचे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे सामाजिक संशोधन आहे. १९०१च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला. त्याबरोबर देशभरातल्या जातिसंस्थांनी आपले स्थान वर सरकवून घेण्यासाठी अर्जांचा पाऊस पाडला. मुंबई विद्यापीठाचे गो. स. घुर्ये यांनी १९३२मध्ये जातीवरील आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर बोट ठेवले: जात नोंदवण्याच्या या उद्योगाने जातिभावनेलाच खतपाणी घातले. ही टीका आजही महत्त्वाची आहे. थर्मामीटर लावल्याने ताप वाढत नाही, पण समाजात मोजमाप करणे ही स्वतःच एक घटना असते आणि ज्याला मोजले जाते तो त्या घटनेला उत्तर देतो. १९३१ नंतर जातनिहाय संपूर्ण आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत जातीचा रकाना मोकळा ठेवला गेला. पुढे महाराष्ट्रातल्या ओबीसी आकडेवारीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२१मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की १९३१मध्ये ४,१४७ असलेली जातींची संख्या या गणनेत ४६ लाखांवर गेली. एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांहून अधिक ‘जाती’ निघाल्या आणि त्यांतल्या ९९ टक्क्यांहून जास्त जातींची लोकसंख्या शंभराच्या आत होती. जात, पोटजात, आडनाव, गोत्र, कूळ, जे सांगितले ते लिहिले गेले. सरकारने याला सदोष माहिती म्हटले. अभ्यासकाला मात्र यातून एवढे कळते की ‘तुमची जात कोणती?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला लोकांच्या मनात एकच उत्तर नाही.

मोजणीचे रकानेही स्थिर राहत नाहीत. १९५६च्या धर्मांतरानंतर १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या काही हजारांवरून सुमारे २८ लाखांवर गेली. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९०मध्ये. मधल्या तीन दशकांचे तक्ते नुसते वाचणाऱ्याला महाराष्ट्रात अनुसूचित जाती एकदम घटल्या आणि मग एकदम वाढल्या असे वाटेल. गावकुसाबाहेरची घरे मात्र होती तिथेच होती. मोजणीची ताकद तिच्या सर्वव्यापकतेत आहे. कोणतेही घर तिच्यातून सुटू नये अशीच तिची रचना असते. तिची दुर्बलताही त्याच ठिकाणी आहे. सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा तर तो सगळ्यांना सारखाच कळतो असे मानून चालावे लागते.

राज्ययंत्रणा स्वतःच मोजते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. २०११च्या जनगणनेतील घरयादीत सुमारे ७ लाख ९४ हजार शौचालये अशी नोंदली गेली, जिथला मैला माणसे हाताने उचलत होती. सामाजिक-आर्थिक गणनेत ग्रामीण भागातल्या सुमारे १ लाख ८० हजार कुटुंबांनी हाताने मैला सफाई हे आपले काम सांगितले आणि अशी सर्वाधिक कुटुंबे महाराष्ट्रात निघाली. त्यानंतर २०१३ आणि २०१८ या दोन खास पाहण्यांत अधिकृतपणे ‘ओळखले गेलेले’ सफाई कामगार मिळून ५८ हजारांच्या आसपास भरले. एकच देश, जवळजवळ एकच काळ आणि तिन्ही आकडे सरकारीच. शौचालयाबद्दल विचारले तेव्हा एक उत्तर आले, कामाबद्दल विचारले तेव्हा दुसरे आणि ‘तुमच्या जिल्ह्यात असे कामगार आहेत का?’ असे प्रशासनाला विचारले तेव्हा तिसरे. २०१३च्या कायद्याने ही प्रथा चालू ठेवणे गुन्हा ठरवल्यावर ती आहे असे कळवणे म्हणजे जिल्हा प्रशासनाने आपलीच कुचराई कबूल करणे होते. तिसरा आकडा कोणत्या दिशेने चुकणार हे म्हणूनच पाहणी होण्याआधीच सांगता आले असते. शौचालयाचे तसे नव्हते. त्याला काही लपवायचे नव्हते.

आता नमुना पाहणीकडे वळू. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि मेरिलँड विद्यापीठ यांच्या भारत मानव विकास सर्वेक्षणाची दुसरी फेरी २०११-१२मध्ये झाली. तीत ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना थेट विचारले गेले: तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते का? उत्तर ‘नाही’ आले तर पुढचा प्रश्न होता: अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का? या दुसऱ्या प्रश्नात सगळी चलाखी आहे. ‘अस्पृश्यता’ हा शब्द कायद्याने आणि शाळेतल्या धड्यांनी बदनाम केला आहे. ‘भांडी’ हा शब्द निरागस आहे. दोन्ही प्रश्न मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी या ना त्या रूपात ही प्रथा मान्य केली. ब्राह्मण कुटुंबांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. राज्याराज्यांतली तफावत प्रचंड होती. मध्य प्रदेशात निम्म्याहून अधिक कुटुंबांनी होकार दिला, महाराष्ट्रात सुमारे ४ टक्क्यांनी.

महाराष्ट्राचा हा आकडा जरा थांबून पाहायला हवा. त्याचा एक अर्थ असा की फुले, शाहू आणि आंबेडकरांच्या चळवळींनी येथली माती खरोखर बदलली. दुसरा अर्थ असा की त्याच चळवळींमुळे येथल्या माणसाला काय बोलू नये हे इतरांपेक्षा चांगले कळले. दोन्ही अर्थांत तथ्य असू शकते, आणि किती टक्के वागणूक बदलली व किती टक्के भाषा, हे त्याच पाहणीच्या पोटात शिरून कधीच कळणार नाही. बोलणे आणि वागणे यांतले अंतर समाजशास्त्राला नवे नाही. १९३४मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एका चिनी दांपत्यासोबत ते देशभर फिरले. २५१ हॉटेले आणि खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले. तिथे बोलणे वागण्यापेक्षा वाईट होते. आपल्याकडे कायदा आणि सभ्यता यांचा दाब उलट्या बाजूचा असल्याने बोलणे वागण्यापेक्षा चांगले असण्याची शक्यता मोठी. म्हणजे २७ टक्के हा खालचा आकडा आहे. याहून कमी असण्याची शक्यता फार थोडी; किती जास्त, ते माहीत नाही. त्रुटीची दिशा कळल्यामुळे एक सदोष आकडाही पक्क्या विधानाचा आधार होतो तो असा.

पाहणीत प्रश्न व्यक्तीला न विचारता गावाला विचारला तर चित्र पालटते. आय. पी. देसाई यांनी १९७१च्या सुमारास गुजरातमधल्या ६९ गावांत पाणवठा, देऊळ, शाळा, टपाल, दुकान, न्हावी अशा एकेका व्यवहाराची स्वतंत्र तपासणी केली. शासनाशी जोडलेल्या सार्वजनिक व्यवहारांत अस्पृश्यता सैल झाली होती; घर, देऊळ आणि खासगी सेवांत ती टिकून होती. १९९६मध्ये घनश्याम शहा यांनी पुन्हा गावांची तपासणी केली. शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचा २००६चा ग्रंथ ११ राज्यांतल्या ५६५ गावांवर उभा आहे. त्यात जवळजवळ निम्म्या गावांत दलितांना सार्वजनिक पाणवठ्यावर अडवले जात असल्याचे आढळले. या पद्धतीची ताकद अशी की ‘तुम्ही पाळता का?’ हा मनाचा प्रश्न सोडून ती ‘इथे विहिरीवर कोण पाणी भरते?’ हा जागेचा प्रश्न विचारते, आणि जागा खोटे बोलत नाही. दुर्बलता अशी की गावात एका जरी दुकानी कप वेगळे असले तरी ते गाव ‘पाळणारे’ ठरते. म्हणून हे आकडे कुटुंबांच्या आकड्यांपेक्षा नेहमीच मोठे दिसणार. २७ टक्के कुटुंबे आणि निम्मी गावे यांत विसंगती नाही. एकाचे माप शेर आहे, दुसऱ्याचे मण.

सहभागी निरीक्षणाची बाजू घेणारे यावर म्हणतील, विचारायचेच कशाला? जाऊन राहा आणि पाहा. भारतीय समाजशास्त्राची सर्वांत समृद्ध परंपरा हीच. एम. एन. श्रीनिवास १९४८मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात जाऊन राहिले. ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना अशा क्षेत्रकार्यातून आली. ग्रंथातल्या वर्णव्यवस्थेत जिचे नावही ठळक नाही अशी जमीनदार जात गाव कशी चालवते, हे कोणत्याही प्रश्नावलीला सापडले नसते, कारण प्रश्नावलीत तोच प्रश्न येतो जो आधीच सुचलेला असतो. न सुचलेली गोष्ट दिसण्याची सोय फक्त निरीक्षणात आहे. १९७०मध्ये स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत श्रीनिवास यांची वर्गवारी करून मांडलेली टिपणे जळाली आणि १९७६चे त्यांचे पुस्तक मुख्यतः स्मरणातून उतरले. ते अभिजात ठरले, पण त्यामुळे एक प्रश्न नेहमीसाठी उघडा राहिला. दुसरा कोणी अभ्यासक त्या टिपणांवरून वेगळ्या निष्कर्षाला आला असता का, हे आता तपासता येत नाही. टिपणे जळाली नसती तरी तो प्रश्न पूर्ण सुटला नसता, कारण काय टिपायचे हे टिपणाराच ठरवतो. स्वतः ब्राह्मण असल्याने आणि गावच्या पुढाऱ्याच्या आश्रयाने राहिल्याने आपली नजर वरच्या जातींच्या बाजूने घडली, याची श्रीनिवास यांना जाणीव होती. आंद्रे बेतेई तंजावर जिल्ह्यातल्या श्रीपुरममध्ये अग्रहारात, म्हणजे ब्राह्मण वस्तीत, राहिले. अग्रहारात घर मिळणे म्हणजे दलित वस्तीची वाट अरुंद होणे, हे त्यांनीही नोंदवले आहे.

या अडचणीचा सर्वांत बोलका पुरावा जेराल्ड बेरीमन यांचा आहे. १९५७-५८मध्ये ते डेहराडूनजवळच्या पहाडी गावात काम करत होते. त्यांचा पहिला दुभाषी-सहायक मैदानी प्रदेशातला ब्राह्मण तरुण होता. वरच्या जातीचे गावकरी त्याच्यासमोर आपले मद्यमांस लपवत आणि खालच्या जातींचे लोक तोंडच उघडत नसत. काही महिन्यांनी तो आजारी पडला आणि त्याच्या जागी एक मुस्लीम शिक्षक आला. दलित वस्ती बोलू लागली, वरच्या घरांची दारे थोडी लोटली गेली. गाव तेच, संशोधक तोच, पद्धत तीच; बदलला तो बाजूला बसलेला माणूस, आणि माहिती बदलली. ‘अनेक मुखवट्यांआड’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा १९६२चा निबंध पद्धतिशास्त्रावरच्या अनेक जाड ग्रंथांना भारी आहे. त्याचा धडा ‘सहायक नीट निवडा’ एवढाच काढणे मात्र तोकडे ठरेल. सहायक बदलला तेव्हाच पहिल्या माहितीची त्रुटी कोणत्या बाजूची होती हे कळले. सहायक आजारी पडला नसता तर ती त्रुटी जन्मभर ज्ञान म्हणून वावरली असती.

क्षेत्रकार्याची खरी दुर्बलता इथे आहे. एकच गाव पाहिले हा आक्षेप तसा किरकोळ आहे. मोठा आक्षेप हा की त्याची त्रुटी कुठे झुकते हे आतून कळत नाही. जोन मेंचर यांनी १९७४मध्ये तमिळनाडूतल्या अनुभवावरून लिहिले की खालून पाहिले तर जातिव्यवस्था म्हणजे शोषण आहे आणि तळाच्या माणसांना ते पक्के ठाऊक आहे. मायकल मॉफट यांनी १९७९मध्ये तमिळनाडूतल्याच दलितांचा अभ्यास करून जवळजवळ उलट निष्कर्ष काढला: दलित आपसांतही तीच उतरंड उभी करतात, म्हणजे व्यवस्थेची मूल्ये त्यांना मान्य आहेत. दोघांनीही क्षेत्रकार्यच केले. मेंचर यांनी मजुरी आणि जमिनीबद्दल लोक काय बोलतात ते ऐकले. मॉफट यांनी पूजा, सोयरीक आणि देवाणघेवाण यांची रचना पाहिली. दोघांचे निरीक्षण खरे असू शकते आणि दोघांचाही निष्कर्ष त्याहून मोठी उडी असू शकते. नमुना पाहणीत अशी भांडणे मिटवायला निदान नमुन्याचे गणित असते. इथे वाचकाला लेखकाच्या विवेकावर विसंबावे लागते.

बोलणेही नको आणि निरीक्षकाची नजरही नको, अशी तिसरी वाट प्रयोगाची. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७चा अभ्यास या वाटेचा आपल्याकडचा मैलाचा दगड. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: सवर्ण, दलित किंवा मुस्लीम. मुलाखतीचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांश भरले. इथे कोणी काही कबूल करायचे नव्हते. उत्तर देणाऱ्याला आपण उत्तर देत आहोत हेच ठाऊक नव्हते. ‘दलित उमेदवार कमी पडतात कारण त्यांची गुणवत्ता कमी’ हा युक्तिवाद या एका मांडणीने निकालात निघाला, कारण कागदावर गुणवत्ता मुद्दाम सारखी ठेवली होती. पण अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात ३७१ जाहिरातींना ३,१६० अर्ज पाठवून केलेल्या, २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार लक्षणीय फरक आढळला नाही. कॉल सेंटरमध्ये मात्र तो दिसला. मग खरे काय? दोन्ही. भेदभाव हा सगळीकडे सारख्या जाडीचा लेप नसून धंद्याधंद्यानुसार बदलणारी गोष्ट आहे, हे या दोन निकालांच्या फरकातूनच कळते.

प्रयोगाच्या मर्यादाही आहेत. तो पहिल्या दारापुरता असतो. मुलाखतीच्या खोलीत आणि बढतीच्या फायलीत काय होते ते त्याला दिसत नाही. त्यासाठी अनोळखी लोकांना फसवावे लागते, हा नैतिक खर्च वेगळाच. शिवाय जात नावातून ओळखू यावी लागते. महाराष्ट्रात हे विशेष गुंतागुंतीचे आहे. ‘कांबळे’ वाचून मालक अंदाज बांधेल. ‘जाधव’, ‘गायकवाड’ किंवा ‘पवार’ वाचून काय बांधेल? ही आडनावे मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत आणि इतरही जातींत आहेत. येथे असा प्रयोग अशा आडनावांवर केला तर भेदभाव प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसणार, म्हणजे पुन्हा त्रुटीची दिशा आधीच ठाऊक. प्रयोग ‘का’ हे सांगत नाही, ही उणीव सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरून काढली. दिल्लीतल्या २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांशी ते बोलले. आपण फक्त गुणवत्ता पाहतो, हे व्यवस्थापक ठासून सांगत होते आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ तपासणे किती गरजेचे हेही सांगत होते. पाणी कुठे मुरते ते या दुसऱ्या वाक्यात सापडते. ही मुलाखत एकटी असती तर तिला गप्पा म्हणून बाजूला सारता आले असते. अर्जांचा प्रयोग एकटा असता तर तो निव्वळ आकडा राहिला असता.

गुन्हेनोंदी ही आणखी एक खाण, आणि तिच्याइतकी फसवी खाण क्वचितच असेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१मध्ये अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५०,९०० गुन्हे आहेत, २०२२मध्ये ५७,५८२. वाढ दिसते, पण कशाची? अत्याचारांची, तक्रार करण्याच्या धैर्याची की पोलिसांनी तक्रार लिहून घेण्याची? तिन्हींचा गुणाकार एकाच आकड्यात येतो. जिथे दलित संघटित आहेत, शिकलेले आहेत, ‘ॲट्रॉसिटी’ दाखल करण्याइतके खमके आहेत, तिथला आकडा मोठा दिसतो. जिथे दहशत पूर्ण आहे तिथे नोंदवही कोरी राहते. राज्याराज्यांची तुलना या आकड्यांवरून करणारा बहुधा धैर्याची तुलना करत असतो. इथे त्रुटीला एकच दिशा नसते, म्हणून ही माहिती मुबलक असूनही अशा तुलनेसाठी सर्वांत कुचकामी.

आता सर्वांत मूलभूत आक्षेप. हे सारे अभ्यासक अस्पृश्यतेकडे बाहेरून पाहतात. सोसणाऱ्याचे ज्ञान कुठे आहे? गोपाळ गुरू यांनी २००२मध्ये भारतीय समाजविज्ञानातल्या श्रमविभागणीवर नेमके बोट ठेवले: सिद्धांत मांडणारे एका बाजूचे, माहिती पुरवणारे दुसऱ्या बाजूचे, म्हणजे ज्ञानाच्या क्षेत्रातही वर्णव्यवस्था. मराठीत या आक्षेपाला भक्कम आधार आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ असो की आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९मध्ये उभे केलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ असो, ‘कुटुंब’ हे एकक धरणाऱ्या कोणत्याही पाहणीला न दिसलेली गोष्ट तिथे समोर येते. जातीचा काच घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही आणि घरात सासू-सुनेच्या, नवरा-बायकोच्या नात्यात तो वेगळे रूप घेतो. शर्मिला रेगे यांनी २००६च्या ग्रंथात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना सामूहिक साक्षीचा दर्जा दिला तो यासाठीच. पण ‘ज्याचे त्यालाच ठाऊक’ ही भूमिका शेवटपर्यंत ताणली तर हातचे निसटते. अर्ज जातीमुळे नाकारला गेला का, हे नाकारला गेलेल्या उमेदवाराला कधीच कळत नाही. ते कळायला ४,८०८ अर्ज लागतात. सोसणाऱ्याला घाव कळतो, घावाची यंत्रणा कळेलच असे नाही. शिवाय आत्मकथन लिहिणारा बहुधा निसटलेला असतो; जो निसटला नाही त्याचे पुस्तक नसते. साक्षीचेही नमुन्याचे गणित आहे, फक्त ते कोणी मांडत नाही.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप आकडेप्रेमींचा: आत्मकथने आणि एका गावाच्या गोष्टी म्हणजे किस्से, पुरावा नव्हे. त्याला उत्तर भारत मानव विकास सर्वेक्षणानेच दिले आहे. ‘भांडी वापरली तर चालेल का?’ हा प्रश्न कोणत्याही गणितातून निघत नाही. अस्पृश्यता चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी राहते, हे ज्ञान आत्मकथनांतून आणि क्षेत्रकार्यातून आलेले आहे. गुणात्मक अभ्यासाशिवाय चांगली प्रश्नावलीच बनत नाही, मग तिचे आकडे कुठले?

तिसरा आक्षेप जास्त गोंडस आणि म्हणून जास्त धोक्याचा: सगळ्या पद्धती थोड्या थोड्या वापरा, निष्कर्ष जुळले की झाले. निष्कर्ष जुळणे हा पुरावा तेव्हाच, जेव्हा पद्धतींच्या त्रुटी वेगवेगळ्या दिशांना झुकतात. बेरीमन यांच्या पहिल्या सहायकाने मुलाखत घेतली असती, प्रश्नावली भरून घेतली असती आणि निरीक्षणही केले असते, तर तिन्ही निष्कर्ष सुंदर जुळले असते आणि तिन्ही चुकीचे असते. जुळण्यापेक्षा न जुळणे अधिक शिकवते. जवळजवळ आठ लाख शौचालये आणि ५८ हजार कामगार हे न जुळणारे आकडे ‘सरासरी’ काढून मिटवायचे नसतात. त्यांच्यातल्या दरीत प्रशासनाची भीती राहते, आणि ती भीती हाच समाजशास्त्राचा विषय आहे. प्रत्येक पद्धत चुकते म्हणून काहीच निश्चित कळत नाही, हा हताश निष्कर्षही यामुळेच टिकत नाही. घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडते हे ठाऊक असलेल्या माणसाला गाडी गाठता येते.

या साऱ्याचा उपयोग लवकरच होणार आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२७ची जनगणना त्यानुसार ठरली. ती कोणाची संख्या किती, कोणाकडे पक्के घर, नळ आणि शिक्षण किती हे सांगेल. कोणाला कोणाच्या घरात पाणी मिळते हे ती सांगणार नाही, आणि तिच्याकडून ते मागूही नये. तिच्या रकान्यांवर राखीव जागा, निधी आणि प्रतिनिधित्व अवलंबून असल्याने १९०१पेक्षा अधिक जोमाने लोक आपले उत्तर घडवतील, हेही गृहीत धरायला हवे. त्यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. मोजले जाणारा माणूस मोजणीचा हेतू ओळखतो, एवढेच.

महाराष्ट्रातल्या ४ टक्क्यांचे काय करायचे, हे आता सांगता येते. तो आकडा खोटा म्हणून फेकू नये आणि पुरोगामित्वाचे प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीवरही लावू नये. हा खालचा आकडा आहे असे लिहून त्यापुढे कामाला लागावे: गावांच्या पाणवठ्यांची देसाईंच्या पद्धतीने तपासणी, शहरांत भाड्याच्या घरासाठी वेगवेगळ्या आडनावांनी केलेली विचारणा, आणि वेगवेगळ्या जातींच्या मुलाखतकारांनी त्याच घरांत पुन्हा विचारलेला तोच प्रश्न. शेवटच्या प्रयोगात एका मुलाखतकाराला ४ टक्के आणि दुसऱ्याला १४ टक्के उत्तर मिळाले, तर त्या दहा टक्क्यांत पाहणीची चूक असेल आणि महाराष्ट्राचे उत्तरही.